धुराड्याच्या घराचा नकाशा

आमच्या घराला गावात धुराड्याचं घर म्हणतात. बसस्टँडवर कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं ‘धुराडं’ म्हणा, तो बरोबर दारात आणून सोडतो. बिदर जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. इथं चैत्र-वैशाखात अंगाची लाही लाही होते आणि थंडी म्हणजे जेमतेम दोन महिने कानटोपी. अशा गावात एका घराच्या बैठकीच्या भिंतीत शेकोटी पेटवायची जागा, आणि वर माळवदावर पुरुषभर उंचीचं धुराडं! नवखा माणूस बघून हसतोच. हसू दे बापडा. मी मात्र जन्मभर त्या धुराड्याच्या जोरावर मिजास केली, आणि त्या मिजाशीपायीच माझ्या थोरल्या बहिणीची खोली माझ्याच तोंडानं घालवायला निघालो होतो. ती वाचली. कशी वाचली ते आठवलं की अजूनही हुश्श म्हणावंसं वाटतं.

निजामाच्या काळात रस्ते आणि पूल बांधायला एक गोरा इंजिनेर साहेब इथं येऊन राहिला होता. हे घर त्यानं बांधलं. दगड इथलाच, तांबडा, भोकाभोकांचा. पण घराची घडण त्याच्या मुलखातली. आमच्याकडच्या घरात दारातून शिरलं की आधी अंगण, मग ओसरी, मग घर. या घराला अंगणच नाही. रस्त्यावरून पाऊल उचललं की थेट बैठकीत, म्हणजे समोरच्या खोलीत. तोंडाला आखूड आणि मागं लांबच लांब, एकामागं एक खोल्या. मधे लाकडी जिना, त्याला हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला कठडा. समोरची खिडकी वर सरकवून उघडायची. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं, त्यामुळं ती जिथं सोडाल तिथं थांबते. लहानपणी मी ती इतकी वर-खाली केली की एका बाजूचा दोर तुटला. तो अजून तुटलेलाच आहे.

साहेब आपल्या देशी गेला आणि घर आमच्या आजोबांकडं आलं. आजोबा तुरीचे व्यापारी. साहेबाचं छप्पर उतरतं कौलारू होतं म्हणे. आजोबांना तूर वाळवायला सपाट जागा हवी, म्हणून त्यांनी कौलं उतरवली आणि माळवद घातलं. वडिलांनी मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून धुराड्याच्या तोंडावर शहाबादी फरशी ठेवली. मी काय केलं? संडास-बाथरूम बांधलं आणि नकाशा काढला.

त्या नकाशाबद्दल सांगायलाच हवं. मी इथल्या मराठी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होतो. रिटायर झालो त्या वर्षी टेप घेऊन अख्खं घर मोजलं आणि मोठ्या कागदावर उतरवलं. कुणी काय बांधलं त्याला वेगळा रंग. साहेबाचा तांबडा, आजोबांचा हिरवा, वडिलांचा निळा, माझा पिवळा. काच घालून फ्रेम केली आणि समोरच्या खोलीत दारातून दिसेल अशी टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यासमोर उभं करून मी घराची कुळकथा सांगायचो. त्या कथेतला सगळ्यात रंगवून सांगायचा भाग म्हणजे ती समोरची खोलीच. ती नकाशात हिरवीगार होती. साहेबाचं घर मागं संपत होतं, आमच्या आजोबांनी ते दहा फूट पुढं रस्त्यापर्यंत ओढलं, सिकंदराबादेत साहेबलोकांचे बंगले बघून हौसेनं शेकोटी आणि धुराडं केलं, असं मी वडिलांकडून ऐकलं होतं. वडिलांनी आजोबांकडून ऐकलं होतं. आमच्या घरात त्यावर शंका घेणं म्हणजे आजोबांच्या फोटोला पाय लावण्यासारखं होतं.

शेकोटीत लाकडं मात्र आमच्यापैकी कुणी पाहिली नाहीत. आजोबांनी घरभरणीच्या दिवशी त्या पोकळीत देव मांडले, ते तिथंच राहिले. भिंतीत गुडघाभर उंचीवर चौकोनी कोनाडा, वरून फरशीनं बंद, आत खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि गाणगापूरहून आणलेली दत्ताची तसबीर. आमचं देवघर म्हणजे साहेबी थाटाची शेकोटी, हे सांगतानाही मी छाती फुगवायचो.

आणि त्या खोलीत अक्का. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कोहिनूर गावात दिली होती. तिशीच्या आत नवरा गेला आणि ती परत आली, ती या समोरच्या खोलीतच राहिली. शिलाई मशीन घेतलं, शिकली, आणि चाळीस वर्षं झाली, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. आईचं माप, लेकीचं माप, नातीचं माप, सगळं तिच्या डोक्यात. दार थेट रस्त्यावर म्हणून बायका वहाणा काढून सरळ तिच्यापुढं येऊन बसतात. मागं आमच्या संसारात कुणाला डोकवावं लागत नाही. भावाच्या घरात राहते पण आपलं मीठ-मिरची आपण बघते. ती खोली नसती तर अक्का माझ्या घरात पाहुणी झाली असती, आणि ते तिनं एक दिवस सोसलं नसतं.

दोन वर्षांमागं आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजायला एक इंजिनेर मॅडम आल्या. कलबुर्गीच्या, माझ्या जुन्या बॅचच्या पोरींच्या वयाच्या, घरात कन्नड आणि आमच्याशी जपून मराठी बोलणाऱ्या. भर उन्हात टेप धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, या, चहा घ्या. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी धुराड्याकडं बघून विचारलं, “सर, हे काय आहे?” आणि मला काय, तेवढंच पाहिजे होतं.

मी त्यांना नकाशापुढं उभं केलं. कुळकथा सुरू केली. “हे हिरवं बगा मॅडम, हे आमच्या आजोबांनी सोताच्या हिकमतीवर बांधलं. साहेबाचं घर तिकडं मागं संपायलंय. आजोबा म्हणले, रस्ता मोकळाच पडलाय, घ्या दहा फूट पुढं!” आणि हसलो. मॅडमही हसल्या. मग त्यांनी मोबाइल काढून नकाशाचा फोटो घेतला. मला केवढा अभिमान वाटला! अक्का मशीनमागून माझ्याकडं बघत होती. तिचा पाय थांबला होता, हे मला नंतर आठवलं.

चार दिवसांनी आमच्या बाजूच्या भिंतीवर तांबड्या रंगाची उभी रेघ आली. पुढून बरोबर दहा फुटांवर. सोबत कागद: रेघेच्या पुढचं बांधकाम मागाहून रस्त्यावर वाढवलेलं आहे, ते काढण्यात येईल. पंधरा दिवसांनी शेवटची मोजणी.

मी तणतणत ऑफिसात गेलो. आवाज चढवला. चाळीस वर्षं पोरांवर चढवलेला आवाज, तो काय सहज उतरतो? मॅडमनी हातातली वही मिटली. मग त्यांनी मोबाइलमधला फोटो माझ्यापुढं धरला.

“सर, तुम्हीच सांगितलात.” मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या मोजणीचा कागद आमच्या गल्लीजवळच फाटलेला, त्यात आमची ओळच नाही. ज्याचं मूळचंच घर रस्त्यालगत आहे त्याला धक्का लावायचा नाही, रस्त्यानं वाकून जायचं. पण जे मागाहून पुढं ओढलं ते पाडायचं, असं ठरलेलं. “मूळचं आहे असा काही पुरावा असेल तर आणा. मी बघते.”

पुरावा! पुरावा तर मीच रंगवून, काच घालून टांगला होता, तोही उलटा. मी परत आलो आणि दारापुढच्या पायरीवरच बसलो.

अक्का एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं निम्मे शिवलेले ब्लाउज पुरे करायला घेतले आणि न कापलेली कापडं गिऱ्हाइकांना परत द्यायला सुरुवात केली. एकेक बाई यायची, अक्का घडी हातात ठेवायची, म्हणायची, “दुसरीकडं टाक गं, माझं आता काय खरं न्हाई.” मी मागच्या खोलीतून ऐकायचो आणि मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. नकाशा मी काढून माळ्यावर टाकला. त्याच्या जागी भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिला, तो आणखीच डोळ्यांत खुपायचा.

दहा फूट कापले तर उरलेलं घर उभं राहील का, पुढून बंद कसं करायचं, हे विचारायला मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. जुने दर्गे, घुमट, विहिरी यांची चुन्याची कामं करणारा माणूस. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. चाचा आला, बैठकीत उभा राहिला, करणीच्या मुठीनं भिंतीवर ठकठक करत कोपऱ्यात गेला. तिथला गिलावा फुगला होता. करणीच्या टोकानं वीतभर उडवला, मागं सरकला, परत जवळ गेला.

“मास्टर, ये खोली बाद की नैं है.”

“कोण म्हणतंय?”

“दीवार बोलरी.” त्यानं बोट लावून दाखवलं. “नवी दीवार पुरानीकू लगाये तो सीधा सांधा दिखता, ऊपर से नीचे तक. यहां देखो. दांत में दांत है. आगे की, पीछे की, एकीच टैम की दीवार.”

आता कुठलाही शहाणा माणूस त्याच्या पायाच पडला असता. अक्काची खोली वाचवणारं वाक्य तो बोलला होता. पण माझं डोकं! माझ्या कानावर एवढंच पडलं, की आजोबा खोटं बोलले. मी भडकलो. “माझ्या आजोबांना खोटं ठरवायलाव? तुमी चुना कालवा चाचा, घराचा इतिहास मला शिकवू नका.”

चाचानं करणी पिशवीत घातली. “हौ मास्टर,” म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

अक्का मशीनमागं बसून हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो, ती देवापुढं वात लावत होती. पाठमोरीच म्हणाली, “एक इचारू का?”

“इचार की.”

“आजोबांनी ह्या घरात पाऊल टाकलं त्या दिशी देव कुटं मांडले?”

“ह्याच शेकोटीत. घरभरणीलाच. समद्या गावाला ठावं हाय.”

“अन् ही खोली कवा बांधली?”

“मागनं. चार-पाच वर्षांनी.”

अक्का वळली. काडी विझवली. “मग ती चार-पाच वर्षं देव कुटं बसलते? रस्त्यावर?”

मी पेपर खाली ठेवला. जन्मभर या दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगत आलो होतो. वडीलही तसेच सांगत. शेकडो माणसांनी माना डोलवल्या होत्या. खोली नव्हती तर शेकोटी कुठली, आणि शेकोटी नव्हती तर तिच्यात देव मांडले कसे, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आजोबांच्या नावापुढं आमची अक्कल गहाणच पडलेली.

मी पडेल आवाजात म्हणालो, “आधी दुसरीकडं मांडले असतील. मग हिकडं आणले असतील.”

“असतील,” अक्का म्हणाली. “आता दुसरं सांग. दरसाल घट बसायच्या आधी मी कोनाडा चुन्यानं धवळते. तीन तीन हात देते. दिवाळीच्या आत काळं परत वर येतंय. आई म्हणायची धुपाचं हाय. धुपाचं काळं वरनं बसतंय, हात लावला की बोटाला येतंय. हे बोटाला येत न्हाई. आतनं येतंय. कामून?”

आमच्याकडं कोनाडा धवळायचं काम घरच्या थोरल्या बाईचं. पुरुषानं हात लावायचा नाही. म्हणून मी साठ वर्षं तो कोनाडा फक्त लांबून, दिव्याच्या उजेडात, फुलांच्या मागं बघितला होता. अक्कानं तो चाळीस वर्षं हातानं बघितला होता.

“तुला येवढं ठावं होतं तर बोलली कामून न्हाईस?”

“तू कवा इचारलास? तू पाहुण्यास्नी सांगायलास, मी आयकायलेय.”

मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी तसाच स्कूटरवर बसून चाचाच्या घरी गेलो. चाचा ओट्यावर बसून चहात बिस्किट बुडवत होता. त्यानं ते सावकाश खाल्लं, दुसरं बुडवलं, तेही खाल्लं. मला पाच मिनिटं उभं ठेवलं, आणि ठेवायलाच पाहिजे होतं. मग म्हणाला, “गुस्सा उतरा, मास्टर?”

“उतरला चाचा. चुकलं माझं. चला.”

तिथून ऑफिसात. या खेपेला आवाज खाली. “मॅडम, एकदा येऊन बगा. तुमच्यासमोर फोडतो. काही निघालं न्हाई तर मी सोता खोली मोकळी करून देतो.” मॅडमनी वही बघितली आणि दोन दिवसांनी सकाळी अकराची वेळ दिली.

अकराला आम्ही चौघं कोनाड्यापुढं उभे होतो. चाचानं छिन्नी काढली आणि अक्का मधे आली. “थांबा वाईच.” मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “देव उठविले, जागा फोडली, अन् आत काय बी न्हाई निघालं तर? देव बी उठले अन् खोली बी गेली. मग मी कुटं बसू?”

मग तिनंच मशीनवरचं ब्लाउजपीस बाजूला केलं, नवं कोरं कापड अंथरलं, आणि एकेक देव दोन्ही हातांनी उचलून मशीनच्या फळीवर मांडला. खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शेवटी दत्ताची तसबीर. हात जोडले. “फोडा,” म्हणाली.

चाचानं आधी मागची भिंत घेतली. चुन्याचे पापुद्रे निघायला लागले. एकाखाली एक, पांढरे, मग पिवळसर, मग निळीचे. अक्काचे, आईचे, आणखी मागचे. त्यांच्याखाली गिलावा. चाचानं तो खरवडला. करडा. ठिकठिकाणी काळसर, पण करडाच. मॅडमनी घड्याळ बघितलं. अक्का देवांकडं तोंड करून उभी होती.

“वरचं बगा चाचा,” मी म्हणालो. “वरची फरशी.”

चाचानं फरशीच्या सांध्यात पहार घातली. “बाजू हटो,” म्हणाला. कुणी हटलं नाही. आम्ही सगळे उलट आणखी वाकून बघायला लागलो. चाचानं जोर लावला, फरशी अर्धी सरकली, आणि धप्प!

काजळी. पाटीभर नव्हे, पोतंभर. इतक्या वर्षांची कोंडलेली काजळी एकदम खाली आली, जमिनीवर आपटली आणि उसळून खोलीभर झाली. कुणाला कुणी दिसेना. खोकले, शिंका. ती खाली बसली तेव्हा चाचाची पांढरी दाढी काळी झाली होती आणि मॅडमच्या फिक्या पिवळ्या ड्रेसकडं बघवत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला तर डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं. माझा सदरा तर सांगूच नका. आधी चाचा हसला. मग मॅडम हसल्या. मग मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं.

मॅडमनी मोबाइलची बॅटरी लावून डोकं कोनाड्यात घातलं आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं. धुराची वाट समोरच्या भिंतीच्या पोटातून सरळ वर माळवदापर्यंत गेलेली, आतून काळीकुट्ट. डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, “सर, इथं देव बसवल्यावर कधी आग पेटवली होती?”

मी काही बोलायच्या आधी अक्का म्हणाली, “देवाच्या डोस्क्यावर आग कोण पेटवंल, बाई?”

“हौदेन्री,” मॅडम म्हणाल्या. खरंय म्हणून मान हलवली; म्हणजे ही काजळी देवांच्या आधीची, साहेबाच्या वेळची. मग चाचानं त्यांना कोपऱ्यातले दगड दाखवले, दातात दात. त्यांनी तिथंही टेप लावला, फोटो काढले आणि वहीत कन्नडमध्ये एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली आणि अक्काला मराठीत सांगितली: पुढची खोली मूळ बांधकाम, काढू नये.

अक्का होती तिथं, त्या काजळीतच खाली बसली. पदर तोंडाला लावला तर तो काळा होऊन आला. मलाही रडू फुटलं, खोटं कशाला सांगू? तो कोण कुठला साहेब, एखाद्या पौषात त्याला थंडी वाजली असेल, चार लाकडं पेटवून शेकत बसला असेल, आणि त्यामुळं आमच्या अक्काची खोली राहिली. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. आजोबांवर मात्र मला रागावता आलं नाही. माणसानं नवं घर घ्यावं, दाराशी उभं राहून चार लोकांना सांगावं की हे आपण बांधलं, आणि मग ते खरंच वाटायला लागावं. मी तरी दुसरं काय करत होतो?

आजोबांचं स्वतःचं असं पुढच्या बाजूला काही निघालं का? निघालं. दारापुढच्या तीन पायऱ्या. चाचानं त्यांच्या मागं करणी फिरवली तर सांधा सुतासारखा सरळ. त्या गेल्या. मी उभा राहून बघितलं. तीन पायऱ्या गेल्या, खोली राहिली, मला सौदा कबूल होता. आता उंबऱ्याच्या आतच एक पायरी घेतली आहे. म्हाताऱ्या बायका गुडघ्यावर हात ठेवून चढतात आणि मलाच बोल लावतात.

त्या दिवशी संध्याकाळी अक्कानं आंघोळ केली, देव पुसून तात्पुरते फळीवरच ठेवले, आणि मला पिशवी दिली. “जा. कापडं घिऊन ये.”

“कंची कापडं?”

“परत दिल्याली. समदी.”

आणि रिटायर ड्रॉइंग मास्तर गल्लोगल्ली, दारोदार ब्लाउजपीस गोळा करत हिंडला. नखं काळी, कानाच्या पाळीमागं अजून काजळी. “अक्कानं कापड परत मागितलंय,” असं म्हणायचं आणि पिशवी उघडायची. काही बायकांनी हसून घातलं, काहींनी आधी खोली राहिली का म्हणून विचारलं आणि मग घातलं. एकीनं दुसरीकडं टाकलं होतं. अक्का म्हणाली, “येऊ दे. तिचा डावा खांदा उतरता हाय, ते दुसऱ्याला कळत न्हाई. येती का न्हाई बग.” आली ती, पंधरा दिवसांनी, ब्लाउज उसवायला घेऊन.

कोनाडा चाचानं चुन्यात परत बांधून दिला. काजळी काढून टाकल्यामुळं पुढच्या दसऱ्याला काळं वर आलं नाही. अक्का दिवाळीपर्यंत रोज वाकून बघायची. “कायतरी चुकल्यावानी वाटायलंय,” म्हणायची.

नकाशा मी माळ्यावरच ठेवला असता. अक्कानंच तो खाली काढायला लावला. मी काच काढली, हिरवा रंग खरवडून खोली तांबडी केली, आणि तिला दाखवायला नेला. तिनं चष्मा लावून नीट बघितला. एकेका रंगावर बोट ठेवलं. हा साहेबाचा. हा आजोबाचा, माळवद. हा आपल्या बापाचा. हे पिवळं तुझं मोरीघर.

“अन् माझा कंचा?”

चाळीस वर्षं ती बाई त्या खोलीत राहिली. दरसाल तीन हात चुना दिला, खिडकीची चौकट दोनदा तेल पाजून वाळवीतून वाचवली, आणि ती भिंत कुणाची हे सगळ्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं. माझ्या नकाशात तिच्या नावानं ठिपकासुद्धा नव्हता.

“तू सांग,” मी म्हणालो.

तिनं दोऱ्याच्या डब्यात हात घातला, तीन-चार रिळं खालीवर केली आणि एक माझ्या हातावर ठेवलं. जांभळं. मी त्या रंगाशी रंग मिळवला आणि समोरच्या तांबड्या खोलीत या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळ्या रेघा ओढल्या. फ्रेम परत जुन्या खिळ्याला लावली.

पाहुणे अजून येतात. मी अजून कुळकथा सांगतो, पण आता आजोबांचं सांगताना आवाज थोडा खाली असतो. सगळं बघून झालं की पाहुणा हटकून विचारतो, आणि हे जांभळं कुणाचं? मी तोंड उघडायच्या आत मशीन थांबतं आणि मागून आवाज येतो, “माझं.”